हेरिंगचे पन्नास सेंट

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी रेनो कांगास यांनी सिरक्यात मुरवलेल्या हेरिंग माशांची एक बरणी विकत आणली, आणि पुढचे पाच आठवडे त्यांच्या घरात, गल्लीत आणि थोड्याफार प्रमाणात कॅनडातल्या सगळ्या थंडर बे शहरात शांतता म्हणून राहिली नाही. यात माशांचा काही दोष नव्हता. मासे चांगले होते.

दोष होता तो किमतीचा. सुपरमार्केटात बरणीखालच्या शेल्फवर सेलची पिवळी पट्टी होती, आणि पट्टीवर ठळक आकड्यांत सहा डॉलर नव्व्याण्णव सेंट असं छापलेलं होतं. घरी येऊन, बुटांवरचा बर्फ झटकून, कॉफी ओतून घेऊन कांगास बिल तपासायला बसले. लोक शनिवारी शब्दकोडं सोडवतात, कांगास बिल तपासत. छत्तीस वर्षं त्यांनी सरोवराच्या बंदरावरच्या धान्याच्या कोठारात जहाजात चढणाऱ्या गव्हाचं वजन केलं होतं. एवढ्या वर्षांत लाखो टन गहू त्यांच्या काट्यावरून सरोवरात गेला, म्हणजे जहाजातून गेला, आणि एकदाही कुणी परत येऊन 'कांगास, तुझं माप चुकलं' असं म्हटलं नव्हतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी आकडा दिसला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे.

बिलावर हेरिंग सात डॉलर एकोणपन्नास होतं. कांगास यांनी ते वाचलं, चष्मा पुसून वाचलं, मग वाचायचा दुसरा चष्मा लावून वाचलं.

"हिल्का, यांनी हेरिंगला पन्नास सेंट जास्त लावलेत."

हिल्काबाई विणत होत्या. सुयांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "मग पन्नास सेंट हळू खा."

प्रश्न पन्नास सेंटांचा नाही, असं कांगास म्हणाले. जगात कुठल्याही घरात नवरा हे वाक्य बोलला की बायकोला कळतं, आता याचे दहा डॉलर जाणार. हिल्काबाईंनी गाडीची किल्ली पुढे सरकवली.

काउंटरवर ट्रिश नावाची एक गोड स्वभावाची बाई असे. तिने बिल पाहिलं, बरणी पाहिली, माफी मागितली आणि गल्ला उघडून पन्नास सेंट हातावर ठेवले. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नाणी खिशात टाकताना कांगास यांची नजर काउंटरखाली च्युइंगम आणि बॅटऱ्यांच्या मध्ये, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर चिकटवलेल्या एका सूचनेवर गेली. अक्षरं इतकी बारीक की ती वाचायची तर खाली बसणं भाग होतं. कांगास बसले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस जमिनीवर झटक्यात बसत नाही; काउंटरला धरून, एक गुडघा, मग दुसरा, असा टप्प्याटप्प्याने बसतो. मागच्या रांगेतल्या एका बाईंना वाटलं यांना काहीतरी झालं. त्यांनी हाक मारली, कुणीतरी खुर्ची आणायला धावलं, ट्रिश पाणी घेऊन आली. काउंटरखालून कांगास यांचा आवाज आला, की मी ठीक आहे, मी वाचतोय.

सूचनेत लिहिलं होतं, की स्कॅनरवर किंमत शेल्फवरच्या किमतीपेक्षा जास्त आली आणि वस्तू दहा डॉलरच्या आतली असली, तर ती वस्तू गिऱ्हाइकाला फुकट. एकाच तऱ्हेच्या अनेक वस्तू घेतल्या तर पहिली फुकट आणि बाकीच्या पट्टीवरच्या किमतीला. कांगास हळूहळू उभे राहिले. पन्नास सेंट त्यांनी काउंटरवर परत ठेवले.

ट्रिशने त्यांना ग्राहक सेवेच्या खिडकीकडे पाठवलं. खिडकीतल्या तरुणीने विचारलं, सेल बुधवारी संपला ना? कांगास म्हणाले, सेल कधी संपला हे तुमच्या पट्टीला सांगा, ती अजून तिथेच आहे. चला बघू, म्हणून दोघं शेल्फकडे निघाले. वाटेत तिला तिघांनी थांबवून अंडी, मीठ आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. ते शेल्फपाशी पोहोचले तेव्हा पिवळी पट्टी गेलेली होती. तिच्या जागी कोरी करकरीत पांढरी पट्टी होती, सात डॉलर एकोणपन्नासची. दोन कपाटं पलीकडे एक बाई हातात पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन मोहरीच्या बाटल्यांकडे निघाली होती.

तरुणी काही वाईट बोलली नाही. उलट फार प्रेमाने बोलली. म्हणाली, "होतं असं. माझे आजोबापण साताला सहा वाचतात."

कांगास यांनी पन्नास सेंटसुद्धा घेतले नाहीत. गाडीत बसून काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत ते समोर बघत राहिले. लाखो टन गहू ज्याने किलोला किलो मोजून दिला त्या माणसाला सहा आणि सात कळत नाहीत, असं एका परक्या मुलीने, तेही प्रेमाने सांगितलं होतं.

शेजारच्या डिनो पेट्रेला यांना ही हकीकत कुंपणापलीकडूनच कळली, कारण डिनो यांना सगळं कुंपणापलीकडूनच कळतं. ते फावड्याने बर्फ काढत होते; म्हणजे फावड्यावर रेलून उभे होते. डिनो यांना प्रत्येक संकटासाठी एक चुलतभाऊ आहे. सू सेंट मरी गावातल्या चुलतभावाला असंच एकदा जास्त लावलं होतं, तर त्याने एवढा गोंधळ घातला की दुकानाने त्याला टर्की दिली. अख्खी. पुरावा पाहिजे, असं डिनो म्हणाले. पट्टीचा फोटो आधी, वस्तू नंतर.

कांगास यांच्याकडे जो फोन होता तो उघडायचा, बोलायचा आणि मिटायचा. फोटोसाठी घरात फक्त हिल्काबाईंचा टॅबलेट होता, भाजी चिरायच्या पाटाएवढा, फुलाफुलांच्या कव्हरातला. सोमवारी सकाळी तो छातीशी धरून कांगास सुपरमार्केटात शिरले आणि डबाबंद सुपांपासून त्यांनी सुरुवात केली. पट्टीसमोर टॅबलेट धरायचा, मागे सरकायचं, आणखी मागे सरकायचं. मागे सरकता सरकता ते टोमॅटो सॉसच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचले. मनोरा पडला नाही हे सांगायला हवं. तो नुसता हलला, पण त्या आवाजाने व्यवस्थापिका ग्लेंडा वोझनी तिथे आल्या.

ग्लेंडा वोझनी म्हणजे बुटक्या, चटपट चालणाऱ्या, कानामागे कायम पेन खोचलेल्या बाई. त्यांनी विचारलं, तुम्ही पलीकडच्या दुकानाकडून आलात का? कांगास यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच हेरगिरीचा आळ आला. त्यांनी ताठ होऊन नाव, पत्ता, आधीचा हुद्दा आणि हेरिंगची संपूर्ण हकीकत सांगितली. ग्लेंडाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पट्टी नाही, फोटो नाही, तर मी काय करू? आणि दुकानात इतर गिऱ्हाइकांचे फोटो काढायची परवानगी नाही. टॅबलेटमध्ये पाहिलं तर खरोखरच सुपाच्या पट्टीपेक्षा एका बाईंचा कोपर जास्त स्पष्ट आला होता.

मग कांगास यांनी दुकानाच्या मुख्य कार्यालयाला फोन केला. इंग्रजीसाठी एक दाबा, फ्रेंचसाठी दोन. कांगास यांनी घाईत दोन दाबला. दहा मिनिटं ते फ्रेंचमधून रांगेत उभे राहिले आणि शेवटी एका सभ्य गृहस्थांनी फ्रेंचमध्ये विचारपूस सुरू केल्यावर फोन ठेवून पुन्हा रांगेच्या शेपटाला गेले. दुसऱ्या खेपेला सत्तेचाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई आली. तिने तक्रारीचा क्रमांक दिला, सहानुभूती दिली आणि बरणीवरच्या काळ्या रेघांखालचा आकडा मागितला. बरणी रविवारी संपली होती. हिल्काबाईंनी ती धुऊन काच-कागदाच्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात टाकली होती, आणि निळा डबा त्याच सकाळी गाडीवाल्याने रिकामा केला होता.

तेव्हा कांगास दुसरी बरणी आणायला गेले, फक्त आकड्यासाठी. तीही त्यांनी पूर्ण किमतीला विकत घेतली, कारण आकडा उतरवून बरणी परत ठेवणं त्यांना चोरीसारखं वाटलं. फोन केला तर बाई म्हणाली, ही बरणी तीनशे ग्रॅमची दिसतेय, सेल चारशेवर होता. ते तिसरी बरणी आणायला गेले. त्या आठवड्यात कांगास यांच्या घरी सकाळी हेरिंग, दुपारी हेरिंग आणि संध्याकाळी हेरिंगबद्दल बोलणं, असा क्रम होता. अखेर मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. आपली तक्रार आम्हाला मोलाची वाटते आणि ती आम्ही आपल्या जवळच्या शाखेच्या व्यवस्थापकांकडे पाठवली आहे, असं त्यात होतं. म्हणजे ग्लेंडा वोझनी यांच्याकडे.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. कांगासही थांबणारच होते, पण त्याच गुरुवारी त्यांना मांजराचं खाणं सापडलं. पट्टीवर एक डॉलर एकोणतीस, स्कॅनरवर एक एकोणऐंशी. टॅबलेटची आता सवय झाली होती. फोटो स्पष्ट होता, पट्टी जागेवर होती, ट्रिश साक्षीला होती. खिडकीतल्या तरुणीने डबा त्यांच्याकडे सरकवला. फुकट. कांगास यांनी तो डबा घरी नेऊन टेबलाच्या मधोमध ठेवला.

हिल्काबाईंनी डबा फिरवून पाहिला. "आपल्याकडे मांजर नाही, रेनो."

"प्रश्न मांजराचा नाही," कांगास म्हणाले.

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी अकरा चुका पकडल्या. त्यांच्या घरात लहान मुलांचा शाम्पू आला, क्रॅनबेरीची जेली आली, बार्बेक्यूचा कोळसा आला आणि केसांना लावायचा तांबूस कलप आला. कांगास यांच्या डोक्यावर कलप लावण्याजोगं काही उरलेलं नव्हतं आणि हिल्काबाईंना आपले पांढरे केस आवडत होते. पण नियमाचा विजय झाला की वस्तू घरी न्यावीच लागते, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावरचं एक पिवळं मांजर रोज सकाळी मागच्या दाराशी येऊन बसू लागलं, तेव्हा हिल्काबाई म्हणाल्या, "निदान याला तरी तुझं पटलेलं दिसतंय."

गल्लीत बातमी पसरली. लोक आपापली बिलं घेऊन येऊ लागले. दहा ते बारा या वेळात कांगास यांच्या स्वयंपाकघराचं कार्यालय झालं आणि हिल्काबाईंना स्वतःच्या ओव्हनपाशी जायला रांग ओलांडावी लागू लागली. येणाऱ्याला कॉफी द्यायची रीत असल्यामुळे त्या दोन आठवड्यांत कॉफीचे तीन डबे संपले, आणि त्या डब्यांच्या किमतीत मात्र काही चूक नव्हती. एका म्हाताऱ्या बाईंनी तर पंधरा वर्षांपूर्वीचं गादीचं बिल आणलं. ते प्रकरण कांगास यांनी कालबाह्य म्हणून परत केलं, तेव्हा त्या दुखावल्या.

डिनो यांनी मांस विभाग आपणहून अंगावर घेतला, आणि तिथेच घात झाला. बुधवारी त्यांनी धापा टाकत निरोप आणला, की कोंबडी सापडली, पट्टीवर नऊ नव्व्याण्णव आणि स्कॅनरवर चौदा. कांगास यांनी कोट चढवला. आता ते ग्राहक सेवेच्या खिडकीवर जात नसत, थेट ग्लेंडाबाईंना बोलावून घेत. त्या आल्या. पाठीमागे गल्लीतली चार-पाच माणसंही होती, कारण डिनो यांनी वाटेत सगळ्यांना सांगितलं होतं. कांगास यांनी आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, मापातल्या प्रामाणिकपणावर चार वाक्यं बोलून घेतली.

ग्लेंडाबाईंनी कानामागचं पेन काढून पट्टीच्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथे लिहिलं होतं, तंगड्या. डिनो यांच्या हातात अख्खी कोंबडी होती.

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. डिनो म्हणाले, सडबरीतल्या चुलतभावाच्या बाबतीत असंच झालं होतं, आणि कोंबडी जागेवर ठेवून पावांच्या दिशेने नाहीसे झाले. माणसं पांगली. कांगास तिथेच उभे राहिले. त्यांनी स्वतः पट्टी वाचली नव्हती. दुसऱ्याच्या शब्दावर जणू वजनाचा कागद सही करून दिला होता. बंदरावर असं कुणी केलं असतं तर कांगास यांनीच त्याला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ दिलं नसतं.

त्यांनी माफी मागितली. पूर्ण मागितली, 'पण' न लावता.

ग्लेंडाबाई बहुतेक भांडायच्या तयारीत होत्या. समोरून माफी आल्यावर त्यांचा सूर उतरला. त्या म्हणाल्या, "मिस्टर कांगास, या दुकानात चौदा हजार पट्ट्या आहेत. दर बुधवारी संध्याकाळी त्यातल्या हजारभर बदलायच्या असतात. ते काम करणाऱ्या दोघी आहेत, त्यातल्या एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दुसरी पट्ट्या मीच आहे म्हणून लावते." त्यांनी पेन पुन्हा कानामागे खोचलं. "म्हणजे दुसरी मीच आहे. बघा, बोलायचंही सुधरत नाही."

कांगास यांना वाईट वाटलं. तरी ते जे होते ते होते. म्हणाले, "समजतं मला. पण आमच्याकडे काटा बिघडला की तो दुरुस्त होईपर्यंत जहाज थांबायचं."

"माझं जहाज थांबत नाही," ग्लेंडाबाई म्हणाल्या आणि कुठल्याशा घोषणेच्या आवाजामागे निघून गेल्या.

त्या दिवशी कार्यालय बंद झालं. दारावर तशी पाटी लावली नाही, पण दुसऱ्या दिवशी आलेल्या दोघांना हिल्काबाईंनी दारातूनच सांगितलं, की साहेबांची तब्येत बरी नाही. साहेब आत खिडकीशी बसून मांजराकडे बघत होते.

दहा-बारा दिवसांनी सायमा हार्यू आल्या. कांगास यांच्यासारख्या मूळच्या फिनलंडच्या लोकांचा जो फिनिश हॉल आहे, त्याच्या या अध्यक्षा. सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. हॉल गरम ठेवणारा बॉयलर नोव्हेंबरात बंद पडला होता. गायनाचा वर्ग कोट घालून चालला होता, आणि पियानो तर कोटाशिवायच बसून बेसूर झाला होता. दरवर्षी नाताळाच्या आधीच्या शनिवारी हॉलमध्ये पुल्ला विकत. वेलदोडा घातलेला, वेणी घातलेला गोड पाव. यंदाच्या विक्रीतून बॉयलर दुरुस्त व्हायचा होता, नाहीतर हॉल मार्चपर्यंत कुलपात. सायमाबाई म्हणाल्या, किमतींच्या पाट्या तू कर रेनो, गावात सध्या किमतींचा माणूस तूच. हा टोमणा होता की सन्मान, हे सायमाबाईंच्या आवाजावरून कधीच कळत नाही. कांगास यांनी सन्मान समजून होकार दिला.

दोन दिवस ते पाट्या करत होते. पांढरा पुठ्ठा, निळी शाई, पट्टीने आखलेल्या रेघा. पुल्ला, आठ डॉलर. जिरेमिऱ्यांएवढ्या अक्षरांत काही लिहायचं नाही, जे आहे ते मोठ्या अक्षरांत, असा त्यांचा दंडक. चार टेबलांवर चार पाट्या. पाचवी कॉफीच्या टेबलासाठी करायची होती, पण पुठ्ठा संपला. हिल्काबाईंनी एकटीने त्या आठवड्यात चाळीस पुल्ले केले होते. त्यांच्या वेणीची बरोबरी हॉलमध्ये कुणाला येत नसे. सगळे मिळून एकशे चाळीस होते.

शनिवारी सकाळी कांगास बाहेर गाड्यांसाठी बर्फ काढत होते. आत सायमाबाईंनी लोण्याची बिलं पाहिली आणि त्यांना धक्का बसला. पुल्ला नऊ डॉलरला द्यायचा, असं त्यांनी गल्ल्यावरच्या दोन बायकांना सांगून टाकलं. पाट्यांचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दारं उघडली, पन्नास-साठ माणसं आत आली, आणि कांगास फावडं दाराशी टेकवून हात चोळत आत आले तेव्हा रांगेत सर्वांत पुढे ग्लेंडा वोझनी उभ्या होत्या. आज कानामागे पेन नव्हतं. हातात एक पुल्ला होता, हिल्काबाईंच्या वेणीचा.

"नऊ डॉलर," गल्ल्यावरची बाई म्हणाली.

ग्लेंडाबाईंनी पाकीट उघडलं, मग पाटीकडे पाहिलं, मग पाकीट मिटलं. मागे वळल्या. कांगास त्यांना दिसले.

"मिस्टर कांगास," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाटीवर आठ आहे. मला नऊ लावतायत. इथे नियम काय?"

हॉलमध्ये ज्यांना ऐकू आलं ते गप्प झाले, आणि ज्यांना नाही आलं ते बाकीचे का गप्प झाले हे बघायला गप्प झाले. सायमाबाई लांब ढांगा टाकत आल्या आणि म्हणाल्या, हे दुकान नाही, हा हॉल आहे, असले नियम मोठ्या दुकानांना असतात. ते खरंही होतं. कांगास यांना ते ठाऊक होतं. त्या सूचनेचा शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. एक 'हो' म्हटलं की सुटले असते. त्यांनी बॉयलरकडे, म्हणजे बॉयलर ज्या खोलीत होता तिच्या दाराकडे पाहिलं. हिल्काबाईंकडे पाहिलं. हिल्काबाई पिठाच्या हातांनी उभ्या होत्या आणि चेहऱ्यावरून काहीच सांगत नव्हत्या, म्हणजे हे तुझं तू बघ.

मग त्यांनी पाटीकडे पाहिलं. निळी शाई. अक्षर त्यांचंच.

ते खुर्चीवर चढले. चढायला वेळ लागला, डिनो यांनी कोपराला आधार दिला. कांगास म्हणाले, की पाटीवर आठ आहे आणि गल्ल्यावर नऊ मागितले गेले, चूक आमची आहे. तेव्हा आज प्रत्येकाला पहिला पुल्ला फुकट.

सायमाबाई बाकावर बसल्या. त्यांच्याइतकी उंच बाई बसली की ते सगळ्या हॉलला दिसतं.

रांगेत आनंदाची कुजबुज झाली. डिनो तर फोन कानाला लावून बाहेरच पळाले, आणि पंधरा मिनिटांत पेट्रेला घराण्यातले आठ चुलतभाऊ हजर झाले. आतापर्यंत गल्लीला वाटत असे की ते डिनो यांनी रचलेले आहेत. खरे होते. सगळ्यांना पुल्ला आवडत होता.

पण ग्लेंडाबाई गल्ल्यापासून हलल्या नव्हत्या. "नियम पूर्ण सांगा ना," त्या म्हणाल्या. "अर्धाच सांगितलात."

कांगास खुर्चीवरून उतरत होते, ते अर्ध्यावर थांबले. "पहिली वस्तू फुकट, बाकीच्या पाटीवरच्या किमतीला."

"हं. मग हा पहिला. आणि आणखी अकरा द्या, आठने. दुकानातल्या लोकांसाठी." त्यांनी नोटा मोजून ठेवल्या. मागच्या माणसाला आता नुसता फुकटचा पुल्ला उचलून जाणं जड गेलं. त्याने दोन घेतले. त्याच्या मागच्या बाईंनी तीन. सायमाबाई बाकावर बसल्या बसल्या प्रत्येकाच्या हातातले पुल्ले डोळ्यांनी मोजत होत्या, आणि हातात एकच पुल्ला घेऊन त्या नजरेसमोरून दारापर्यंत जाण्याची छाती फक्त पेट्रेला बंधूंना झाली.

तरी तूट पडणार होतीच. ते सायमाबाईंच्याही लक्षात आलं. त्या उठल्या आणि कांगास यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"रेनो, कॉफीला पाटी आहे?"

"नाही. पुठ्ठा संपला."

"पाटी नाही म्हणजे नियम नाही?"

कांगास यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पाटीच नाही तर चुकणार काय?"

"मग कॉफी तीन डॉलर," सायमाबाई म्हणाल्या. दरवर्षी ती एक डॉलरला असे.

हॉल गोठलेला होता. बॉयलर बंद, बाहेर उणे अठरा, आणि हातात वेलदोड्याचा ताजा पुल्ला. अशा वेळी फिनिश माणसाने कॉफी न घेता बाहेर पडणं कुणी ऐकलेलं नाही, आणि पेट्रेला बंधू तर प्रत्येकी दोन दोन प्याले. साडेअकराला पुल्ले संपले. दरवर्षी तीसेक उरत आणि सोमवारी ते शिळे म्हणून वाटावे लागत. यंदा दोन बायका उशिरा येऊन रिकाम्या टेबलाकडे बघून परत गेल्या. दुपारी सायमाबाईंनी गल्ला मोजला, पुन्हा मोजला आणि म्हणाल्या की बॉयलर होईल. नवा नाही, पण होईल. त्यांनी ते फार मोठ्याने सांगितलं नाही, त्यामुळे फक्त हॉलभर ऐकू गेलं.

कांगास मागच्या खोलीत ट्रे धुवायला गेले, कारण तिथे कुणी खुर्चीवर चढायला सांगणार नव्हतं. दार उघडं होतं. बाहेर सायमाबाई आणि ग्लेंडाबाई कोट चढवत बोलत होत्या. सायमाबाई म्हणत होत्या, की इथे किमतींचं बघायला एक डोकं ठिकाणावर असलेलं माणूस पाहिजे, पुढच्या वर्षी तुम्ही याल का? ग्लेंडाबाई म्हणाल्या, की एका सकाळच्या चार पाट्या? आनंदाने. चौदा हजारांपेक्षा सुट्टीच आहे ती.

हिल्काबाई हातात फडकं घेऊन नवऱ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही ऐकलं होतं.

"पद गेलं तुझं," त्या म्हणाल्या.

कांगास यांनी ट्रे उजेडाकडे धरून पाहिला, कोपऱ्यात साखर चिकटली होती, ती नखाने काढली आणि ट्रे त्यांच्या हातात दिला. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, तसं ते वाट पाहत थांबलेही. वाटलं नाही. उलट भूक लागली होती.

"एखादा पुल्ला उरलाय का गं?"

"नाही," हिल्काबाई ट्रे पुसत म्हणाल्या. "तुझा पहिला फुकटचा होता, तो मी खाल्ला."